एका मिनिटाचें चित्र : फाळक्यांची ‘अंकुराची वाढ’

तापी नदीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं रावेर तालुक्याची काळी जमीन पसरलेली आहे. भुसावळहून बऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या आगगाडींतून पाहिलें, तर निंभोरा, रावेर या स्टेशनांच्या आसपास केळीच्या बागा लांबवर दिसतात. अशा बागेचा धनी रोज सकाळीं बागेंत फेरी मारतो. काल गुंडाळलेला पोंगा आज थोडासा उलगडलेला त्याला दिसतो. आठ-दहा दिवसांनीं नवें पान आलेलें दिसतें. कांहीं महिन्यांनीं बाग निसवूं लागली म्हणजे केळफूल बाहेर पडलेलें दिसतें. वाढ झाली हें त्याला पक्कें ठाऊक असतें. पण वाढ होतांना त्यानें कधींहि पाहिलेली नसते. जन्म शेतांत गेलेल्या माणसालाहि रोप हलतांना दिसतें तें वाऱ्यानें, वाढीनें नव्हे. झाडाचा वेळ आणि आपला वेळ यांचें मापच निराळें आहे, आणि आपल्या डोळ्याला आपलें माप सोडतां येत नाहीं.

ही मर्यादा ओलांडणारें एक चित्र १९१२ सालीं मुंबईंत तयार झालें. धुंडिराज गोविंद फाळके, ज्यांना सारा महाराष्ट्र दादासाहेब म्हणून ओळखतो, त्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला, त्याच्यासमोर कॅमेरा उभा केला, आणि महिन्याहून अधिक काळ त्या एका रोपाचीं चित्रें घेतलीं. पडद्यावर हा सारा काल मिनिटाहून थोड्याशाच अधिक वेळांत संपत असे. या चित्राला त्यांनीं ‘अंकुराची वाढ’ असें नांव दिलें. फाळके म्हटलें कीं आपल्याला ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो, आणि तें योग्यच आहे. तथापि हरिश्चंद्राच्या आधीं वाटाणा होता. आणि फाळक्यांच्या कलेचें जें खरें मर्म, तें या वाटाण्यांत अगोदरच उतरलें होतें, हें आज मला आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

प्रथम माणसाचा परिचय करून घेऊं. फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथें एका शास्त्र्याच्या घरीं झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत ते १८८५ सालीं दाखल झाले. पुढें बडोद्याच्या कलाभवनांत त्यांनीं चित्रकला आणि छायाचित्रण यांचा अभ्यास केला. पुराणवस्तु-संशोधन खात्यांत त्यांनीं कांहीं काळ नोकरी केली. ती सोडून ते मुद्रणाच्या धंद्यांत शिरले, आणि रंगीत छपाईचीं यंत्रें आणण्यासाठीं १९०९ सालीं जर्मनीसहि जाऊन आले. याशिवाय ते उत्तम जादूगार होते. आपलेंच आडनांव उलटें वाचून त्यांनीं ‘प्रोफेसर केळफा’ असें नांव धारण केलें होतें. केळीच्या मुलखांतील श्रोत्यांना या नांवाचें कौतुक वाटल्यावांचून राहणार नाहीं. चित्रकार, छायाचित्रकार, मुद्रक आणि जादूगार अशीं हीं चार माणसें एकाच अंगरख्यांत वावरत होतीं. पण चाळिशी गांठली तेव्हां भागीदारांशीं बिनसून छापखाना सुटला होता, आणि हातांत कांहींच उरलें नव्हतें.

अशा स्थितींत १९१०–११ च्या सुमारास मुंबईच्या एका चित्रगृहांत त्यांनीं येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत असतां आपल्या मनश्चक्षूंपुढें राम-कृष्ण उभे राहिले, असें त्यांनीं पुढें ‘नवयुग’ मासिकांतील आपल्या लेखमालेंत नमूद केलें आहे. त्यानंतर त्यांनीं दुसरा उद्योग केला नाहीं. मिळतील तीं चित्रें पाहावीं, रात्र रात्र जागून प्रयोग करावे, असा क्रम चालला. आणि या श्रमानें त्यांची दृष्टि जवळजवळ गेली. वैद्यकीय उपचारानें ती परत आली, पण कुटुंबीयांची झोंप उडाली. तरीहि विम्याचीं कागदपत्रें गहाण टाकून त्यांनीं पैसा उभा केला, आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजीं ते लंडनला निघाले. तेथें ‘बायोस्कोप’ नांवाच्या चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या संपादकाशीं त्यांनीं ओळख करून घेतली. सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेंत त्यांना चित्रपट कसा घेतात हें प्रत्यक्ष पाहावयास मिळालें. विल्यमसन बनावटीचा कॅमेरा, फिल्मच्या कडेला छिद्रें पाडण्याचें यंत्र आणि कच्ची फिल्म यांची तजवीज करून ते १ एप्रिलला मुंबईस परतले.

आतां विद्या होती, यंत्र येणार होतें. नव्हता तो पैसा. हरिश्चंद्रासारखी कथा उभी करावयाची तर वेष, देखावे, नटांचे पगार, महिनोन् महिने साऱ्या मंडळींचें जेवणखाण, असा खर्च डोळ्यांपुढें दिसत होता. ज्यानें हिंदुस्थानांत कथाचित्र तयार होतांना कधीं पाहिलें नाहीं, असा सावकार या वेडावर पैसे कां लावील? नुसत्या बोलण्यानें त्याची खात्री पटणें शक्य नव्हतें. फाळक्यांना असा पुरावा हवा होता कीं, ज्याला वेष लागत नाहीं, नट लागत नाहीं, देखावा लागत नाहीं, आणि तरीहि जो पाहून मनुष्य खुर्चींत सरसावून बसेल. वाटाणा दुकानांत मिळतो आणि कुंडी घरांत असते. हिंदी चित्रसृष्टीचा हा पहिला नायक वेतन मागत नव्हता.

आतां या चित्राच्या घडणीकडे वळूं. दररोज एक चित्र याप्रमाणें महिनाभर चित्रें घेतलीं, अशी हकीकत सर्वत्र सांगितली जाते. ही हकीकत गोड आहे, परंतु ती हिशेबाला उतरत नाहीं. मूकपटाच्या काळीं पडद्यावर सेकंदास साधारणपणें सोळा चित्रें दाखवीत, आणि फिल्मच्या एका फुटांत सोळाच चित्रें मावतात. म्हणजे एका सेकंदास एक फूट, आणि एका मिनिटास साठ फूट, अर्थात् ९६० चित्रें. रोज एकच चित्र घेतलें, तर तीस दिवसांचीं तीस चित्रें होतील आणि तीं दोन सेकंदांच्या आंतच संपतील. प्रेक्षकानें डोळे मिचकावले तर अंकुर हुकावयाचा! मिनिटाचें चित्र व्हावयास रोज बत्तीस चित्रें पाहिजेत. तीं दिवसाच्या उजेडांत, बारा तासांत बसवावयाचीं म्हटलें, तर दर बावीस-तेवीस मिनिटांनीं एक चित्र घ्यावें लागेल. रात्रींहि दिवा लावून घ्यावयाचीं, तर दर पाऊण तासानें एक. किंवा दुसऱ्या रीतीनें हिशेब मांडा. त्या काळच्या हातकॅमेऱ्याचा दांडा एकदां फिरविला म्हणजे सामान्यतः आठ चित्रें पडत. तेव्हां दिवसांतून चार वेळां दांड्याचा एकेक फेरा दिला तरीहि बत्तीस भरतात, मात्र अशा चित्रांत वाढ थोडी गचके खात पुढें सरकेल. कोणताहि मार्ग धरला, तरी अर्थ एकच. महिनाभर घरांतील कोणीतरी त्या कुंडीचा बांधील चाकर झाला पाहिजे. कुंडी तसूभर हलतां कामा नये, कॅमेऱ्याला धक्का लागतां कामा नये, आणि उजेडांतील बदलाकडे तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलें पाहिजे. नाहीं तर पडद्यावर रोपाच्या वाढीऐवजीं दिवस-रात्रीची उघडझांप तेवढी दिसावयाची.

ज्या बीजाची त्यांनीं निवड केली, त्यांतहि जाणकाराची नजर दिसते. वाटाणा लवकर उगवतो. त्याचीं बीजदलें मातींतच राहतात, आणि वर येतो तो मान वांकविलेला कोंब. तो डोकें खालीं घालून माती फोडतो आणि उजेडांत येतांच मान सरळ करतो. नंतर पानें फुटतात, आणि पानांच्या टोकांशीं तणावे येतात. हे तणावे आधारासाठीं हवेंत चांचपडत असतात, ही गोष्ट चार्ल्स डार्विन यानें वेलींवरील आपल्या ग्रंथांत फार पूर्वींच नोंदवून ठेवली होती. शेंड्याचा असा एक वेढा कांहीं तासांतच पुरा होतो. पण एवढी मंद गति डोळ्याला जाणवत नाहीं. तीच गति मिनिटांत आटवून पडद्यावर दाखविली म्हणजे वेल स्थिर वस्तु न राहतां शोध घेणारा जीव वाटूं लागतो. कोंबाचें वर येणें, मान उचलणें, चांचपडणें, आधार धरणें. कथा म्हणून आणखी काय हवें? या चित्रांत पात्र आहे, अडचण आहे, प्रयत्न आहे आणि यशहि आहे. त्याला बोलपट्टीची गरज नव्हती, कीं भाषेची अडचण नव्हती.

या युक्तीचा पहिला मान फाळक्यांचा आहे, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. जर्मनींत लायप्झिग येथें वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोपांच्या हालचालींचीं अशीं चित्रें शास्त्राभ्यासासाठीं घेतलीं होतीं. आणि इंग्लंडांत पर्सी स्मिथ याचें फुलांच्या उमलण्यावरचें चित्र १९१० सालीं प्रेक्षकांपुढें आलें होतें. आपल्याकडे जगदीशचंद्र बसू यांनीं पुढें थोड्याच वर्षांत वनस्पतीची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखविणारें क्रेस्कोग्राफ यंत्र सिद्ध केलें. बसूंनीं अंतर वाढविलें, फाळक्यांनीं वेळ आटविला. दोघांनींहि अदृश्य गतीला दृश्य केलें. फरक इतकाच कीं, बसूंच्या पाठीशीं प्रयोगशाळा होती, आणि फाळक्यांच्या डोक्यावर कर्ज होतें.

परंतु आपल्या देशापुरतें पाहिलें, तर या चित्राचें स्थान अपूर्व आहे. त्याच्या आधीं मुंबईंत चित्रें घेतलीं गेलीं नव्हतीं असें नाहीं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं १८९९ सालीं हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली. १९०१ सालीं रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तेव्हांचा सोहळाहि टिपला. दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजीं कॉरोनेशन चित्रगृहांत लागला; तें एका नाटकाचें चित्रण होतें. या सर्वांचें मोल मोठें आहे. पण कुस्तीच्या चित्रांत तेंच दिसे जें आखाड्याभोवतीं जमलेल्या गर्दीला दिसत होतें, आणि नाटकाच्या चित्रांत तेंच जें प्रेक्षागृहांतील मनुष्याला दिसावयाचें. तेथें कॅमेरा साक्षीदार होता. वाटाण्याच्या चित्रांत मात्र जें दिसतें तें कोणत्याहि मानवी डोळ्याला, कितीहि वेळ समोर बसलें तरी, दिसणें शक्य नाहीं. येथें कॅमेरा साक्षीदार राहिला नाहीं, तो कर्ता झाला. चित्रपट ही रंगभूमीची नक्कल नसून स्वतंत्र कला आहे, हा सिद्धान्त एका कुंडीनें सिद्ध केला.

हें चित्र फाळक्यांनीं निवडक मंडळींना दाखविलें, आणि तें पाहून यशवंतराव नाडकर्णी व नारायणराव देवहरे यांच्यासारखे गृहस्थ कर्ज देण्यास पुढें आले. सरस्वतीबाई फाळके यांनीं आपले दागिने या कामीं दिले, आणि याहूनहि मोठें म्हणजे आपले हात दिले. फिल्मला अंधारांत छिद्रें पाडणें, ती धुणें, तिच्यावर रासायनिक क्रिया करणें हीं कामें त्या शिकल्या. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडेच होता. हरिश्चंद्राचा खेळ ३ मे १९१३ रोजीं कॉरोनेशनमध्यें सर्वांसाठीं खुला झाला, आणि पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. त्या खेळाची सुरतेंतील जाहिरात गंमतीची होती. सत्तावन हजार छायाचित्रें, दोन मैल लांबीचें चित्र, आणि दर अवघे तीन आणे, असा तिचा भावार्थ होता. वरचाच हिशेब येथें लावून पाहा. हरिश्चंद्राची लांबी ३,७०० फूट. त्यांत चित्रें एकोणसाठ हजारांच्या घरांत बसतात, म्हणून पहिला आंकडा जवळजवळ खरा. पण फिल्म भरते पाऊण मैलाहूनहि कमी! तेव्हां दोन मैल हे प्रोफेसर केळफांचे समजावे.

आतां फाळक्यांच्या शैलीविषयीं दोन शब्द. त्यांना पौराणिक चित्रपटांचे जनक म्हणून आपण एका कोनाड्यांत बसविलें आहे. पण त्यांचीं लहान चित्रें शेजारीं शेजारीं मांडून पाहिलीं, म्हणजे निराळीच गोष्ट ध्यानांत येते. ‘आगकाड्यांची मौज’ या चित्रांत त्यांनीं काड्यांपासून आकृति होतांना दाखविल्या; युक्ति वाटाण्याचीच, एकेक चित्र थांबून थांबून घेण्याची. तळेगांवचा कांचेचा कारखाना हा पैसा फंडाच्या स्वदेशी प्रयत्नांतून १९०८ सालीं उभा राहिला होता. त्याचेंहि चित्र त्यांनीं घेतलें, आणि त्यांत कांच तयार होतांना दाखविली. चित्रपट कसा तयार करतात, या विषयावरहि त्यांनीं एक छोटें चित्र केलें. १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’ मध्यें आरंभीं त्यांची लहान मुलगी मंदाकिनी आपल्या चेहऱ्याचे भाव दाखविते, आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तिचा बाळकृष्ण होतो. बीजाचा वेल, काड्यांच्या आकृति, कांचेची वस्तु, मुलीचा कृष्ण. प्रत्येक ठिकाणीं फाळके तयार झालेली वस्तु दाखवून थांबत नाहींत, ती कशी होते तें दाखवितात. ‘असणें’ दाखविणारे पुष्कळ असतात. ‘होणें’ दाखविणें ही फाळक्यांची खूण. त्यांच्या चमत्कारांनीं प्रेक्षक भारावून जात, याचें कारण केवळ भाविकपणा नव्हे. डोळ्यांसमोर एका वस्तूची दुसरी वस्तु होते, हा आनंद शास्त्रांत आणि पुराणांत सारखाच आहे, आणि त्या आनंदाची किल्ली त्यांना कुंडीजवळ सांपडली होती.

या वारशाचें पुढें काय झालें? पौराणिक कथांना गर्दी होई. लहान, शिकविणाऱ्या चित्रांना तिकीट काढून कोण येणार? मुख्य खेळाच्या जोडीला तीं दाखविलीं जात, आणि जोडीची वस्तु म्हणूनच विसरलीं गेलीं. शिवाय त्या काळची नायट्रेटची फिल्म म्हणजे जवळजवळ दारूगोळाच. ती पेटे, नाहीं तर सडून तिची पूड होई. हिंदुस्थानांत सुमारें तेराशें मूकपट निघाले असतील. त्यांपैकीं आज फारच थोडे हातीं आहेत. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यास १९६४ सालीं स्थापन झालें, त्याच्या वीस वर्षें आधीं, १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं, फाळके नाशिक येथें निवर्तले होते. ज्या चित्रानें त्यांचें भाग्य उघडलें, त्याची ओळख आज आपण मुख्यत्वें वर्णनांवरूनच करून घेतो.

खानदेशाला हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. जळगांवजवळच्या असोदें गांवीं १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांनीं जमिनीच्या कुशींत निजलेल्या बियाण्याचें जागें होणें आपल्या ओव्यांतून गाइलें. तीं गाणीं पुस्तकरूपानें आलीं १९५२ सालीं, त्यांच्या निधनानंतर. अक्षरओळख नसलेल्या त्या शेतकरी स्त्रीनें मनाच्या डोळ्यानें जें पाहिलें, तेंच फाळक्यांनीं यंत्राच्या डोळ्यानें पाहण्याचा हट्ट धरला. दोघांचें कुतूहल एकाच मातींतील आहे.

हें कुतूहल जागें ठेवण्यास आज फार खर्च येत नाहीं. रावेरच्या एखाद्या बागेंत केळीचा कंद लावल्यापासून घड उतरेपर्यंत वर्षभर रोज एकच चित्र घेतलें, तर त्याचा खेळ तेवीस सेकंदांत संपेल. वाटाण्याच्या मापानें, म्हणजे रोज बत्तीस चित्रें घेतलीं, तर ११,६८० चित्रें होतील. फाळक्यांच्या काळच्या फिल्मचे ७३० फूट, आणि बारा मिनिटांचा खेळ. पोंगा उलगडतांना, केळफूल वांकतांना, एकेक फणी उघडी पडतांना त्यांत दिसेल. ज्या कामासाठीं फाळक्यांना विमा गहाण टाकून विलायत गांठावी लागली, त्याला आज खिशांत मावणारें यंत्र पुरतें. तालुक्यांतील एखाद्या शाळेनें हें काम अंगावर घ्यावें. मुलांनीं पाळ्या लावाव्या, वेळापत्रक भिंतीवर टांगावें, आणि वर्षभर एकहि पाळी चुकवूं नये. पैसा कमी लागेल, पण पाळी तेवढीच लागेल. तिच्यांत सवलत फाळक्यांनाहि मिळाली नव्हती.